पंक्चर काढायचं की टायर बदलायचा? (इयत्ता ५ वी – व्यवहारातील निर्णयावर आधारित पाठ)



आपल्यापैकी बरेच शिक्षक रोज दहा-वीस किलोमीटर मोटरसायकलवरून शाळेत जातात. पालकही मुलांना गाडीवरूनच शाळेत सोडतात. पुढे एक, मागे एक, दप्तर हँडलला. म्हणजे मोटरसायकलचा टायर हा आपल्या रोजच्या जगण्यातला विषय आहे. तरीही पंक्चर झालं की आपण एकच प्रश्न विचारतो, "किती होतील?" पंक्चरवाला म्हणतो शंभर, नवीन टायर म्हटलं की दीड-दोन हजार. मग साहजिकच आपण म्हणतो, "काढा पंक्चर!"

बहुतेक वेळा हा निर्णय बरोबरही असतो. पण काही वेळा तोच निर्णय जिवावर बेतू शकतो. म्हणून मुलांना आणि आपल्यालाही एक साधी गोष्ट कळायला हवी. पैशाचा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न आहे, हा टायर सुरक्षितपणे दुरुस्त होऊ शकतो का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तर दुसरा प्रश्न विचारायचाच नाही.

या लेखात आधी आपल्यासाठी माहिती दिली आहे आणि नंतर वर्गात घ्यायच्या कृती. या पाठात परिसर अभ्यास, गणित आणि भाषा असे तिन्ही विषय सहज येतात.

१) आधी टायर ओळखूया

टायर म्हणजे नुसतं गोल रबर नाही. त्याचे वेगवेगळे भाग आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

- नक्षीचा भाग (ट्रेड): रस्त्याला टेकणारा जाड भाग. यावर खाचा असतात. पावसात रस्त्यावरचं पाणी या खाचांतून बाहेर फेकलं जातं, म्हणून रबराची पकड राहते.
- खांदा: नक्षी संपून बाजू सुरू होते तो वळणाचा भाग. गाडी वळणावर कलते तेव्हा या भागावर भार येतो.
- बाजूची भिंत (साइडवॉल): ज्यावर कंपनीचं नाव आणि आकडे छापलेले असतात तो पातळ भाग.
- कडा (बीड): आत पोलादी तार असलेली कड. ही रिममध्ये घट्ट बसते.

रबराच्या आत नायलॉनसारख्या धाग्यांचे थर असतात. टायरची खरी ताकद या धाग्यांत आहे. हवेचा दाब आणि माणसांचं वजन तेच पेलतात. म्हणून छिद्र फक्त रबराला पडलं की धागेही तुटले, हे महत्त्वाचं ठरतं.

मुलांना इथे थोडा इतिहास सांगायला हरकत नाही. १८३९ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांना कळलं की रबर गंधकासोबत तापवलं तर ते उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही. या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. टायरच्या दुकानांच्या पाट्यांवर "व्हल्कनायझिंग" हा शब्द दिसतो, तो इथूनच आला. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेला टायर तयार केला. म्हणजे आपल्या गाडीच्या टायरची गोष्ट एका लहान मुलाच्या सायकलपाशी जाऊन पोहोचते. मुलांना हे फार आवडतं.

२) ट्यूबवाला की ट्यूबलेस?

टायरच्या बाजूवर इंग्रजीत "ट्यूबलेस" किंवा "ट्यूब टाइप" असं छापलेलं असतं. काही टायरवर फक्त टीएल किंवा टीटी ही अक्षरं असतात. साधारणपणे तारांच्या (स्पोकच्या) चाकात ट्यूब असते, कारण तारा रिमला जिथे जोडलेल्या असतात तिथल्या भोकांतून हवा निसटते. अलॉय चाकावर बहुतेक वेळा ट्यूबलेस टायर असतो, पण नेहमीच असेल असं नाही. म्हणून चाक बघून अंदाज न करता टायर वाचावा.

दोन्हींत मोठा फरक आहे:

- ट्यूबवाल्या टायरमध्ये खिळा ट्यूबमध्ये घुसला की हवा झपाट्याने जाते. ट्यूब फाटली तर काही क्षणांत टायर बसतो आणि गाडी मागून डुलायला लागते.
- ट्यूबलेस टायरमध्ये आतून हवाबंद रबराचा थर असतो. खिळा घुसला तरी रबर खिळ्याला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे हवा हळूहळू जाते. आपल्याला थांबायला वेळ मिळतो. म्हणूनच ट्यूबलेसमधला खिळा रस्त्यात उपटून काढू नये. जवळपास दुकान असेल तर हवा तपासून, खिळा तसाच ठेवून सावकाश तिथपर्यंत जावं.

३) पहिला प्रश्न: टायर दुरुस्त होण्यासारखा आहे का?

इथे चार गोष्टी बघायच्या. मुलांच्या लक्षात राहावं म्हणून आम्ही वर्गात चार शब्द फळ्यावर लिहितो: जागा, माप, झीज, वय.

जागा. छिद्र नक्षीच्या भागात, मध्याच्या आसपास असेल तर दुरुस्ती होऊ शकते. खांद्यावर किंवा बाजूच्या भिंतीवर असेल तर टायर बदलायचा. असं का? चाक फिरताना बाजूची भिंत प्रत्येक फेरीत दबते आणि पुन्हा सरळ होते. तिथे लावलेली पट्टी किंवा ठिगळ सतत वाकत राहतं आणि सुटण्याची शक्यता असते.

"प्रत्येक फेरीत" म्हणजे किती वेळा? मुलांना गणितच करू द्या. ८०/१००-१८ या मापाचा टायर घेऊ. रिमचा व्यास १८ इंच, म्हणजे सुमारे ४५७ मिमी. टायरची उंची वर ८० आणि खाली ८० मिमी. एकूण व्यास ६१७ मिमी. ३.१४ ने गुणलं की परीघ सुमारे १.९४ मीटर येतो. १००० मीटरला १.९४ ने भागलं तर एका किलोमीटरमध्ये जवळपास ५१५ फेऱ्या होतात. शाळा १२ किमी दूर असेल तर जाताना ६,१८० फेऱ्या आणि येताना तेवढ्याच. म्हणजे बाजूच्या भिंतीवरचं ठिगळ एका दिवसात बारा हजारांहून जास्त वेळा वाकतं! हा आकडा फळ्यावर आला की "बाजूला पंक्चर चालत नाही" हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

माप. टायर उद्योगात सर्वसाधारणपणे ६ मिमीपर्यंतचं छिद्र दुरुस्त करण्याजोगं मानलं जातं. वर्गात दाखवायला सोपं उदाहरण म्हणजे शिसपेन्सिल. तिची जाडी साधारण ७ मिमी असते. पेन्सिल जाईल एवढं भोक असेल तर टायर बदलायचा. बाभळीचा काटा, चूक, छोटा स्क्रू यांचं छिद्र लहान आणि गोल असतं. काच किंवा पत्र्याने मात्र चीर पडते. बाहेरून चीर छोटी दिसली तरी आतले धागे कापलेले असू शकतात. एकाच जागी दोन-तीन पंक्चर झाली असतील आणि ठिगळं एकमेकांवर येत असतील, तर तोही टायर दुरुस्तीच्या पलीकडे गेला असं समजावं.

झीज. नक्षीच्या खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. त्यांची जागा दाखवायला टायरच्या बाजूवर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायरचं आयुष्य संपलं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिमी खोल असावी लागते. टायरमधले धागे उघडे पडले असतील किंवा कुठे फुगवटा आला असेल, तरी तो टायर चांगल्या स्थितीत धरला जात नाही. गुळगुळीत टायरचं पंक्चर कितीही चांगलं काढलं तरी पावसात तो पकड घेणार नाही. आणि पातळ झालेल्या रबरात पुढचा काटा आणखी सहज घुसतो.

वय. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. समजा २३१९ असं लिहिलंय. पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. म्हणजे हा टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. गाडी कमी चालली असली तरी ऊन, उष्णता आणि हवेमुळे रबर कडक होत जातं. बाजूला बारीक भेगा दिसायला लागतात. अशा भेगा असलेल्या जुन्या टायरवर दुरुस्तीचा खर्च करण्यात अर्थ नाही.

या चार गोष्टींसोबत आणखी एक प्रश्न पंक्चरवाल्यानेही विचारावा आणि आपणही खरं सांगावं: "हवा गेल्यावर गाडी किती चालवली?" हवा नसलेल्या टायरवर बसून दोन-चार किलोमीटर गाडी रेटली तर बाजूची भिंत रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिरडते. आत रबराचा भुगा पडलेला दिसतो. बाहेरून टायर चांगला दिसतो, पण आतून खचलेला असतो. म्हणून पंक्चर झालं की गाडीवरून उतरायचं आणि गाडी ढकलायची. थोडे कष्ट पडतात, पण टायर वाचतो.

४) दुरुस्ती कशी व्हावी?

ट्यूब असेल तर: ट्यूब बाहेर काढून, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात बुडवतात आणि बुडबुडे कुठून येतात ते बघतात. मग ती जागा घासून खरखरीत करतात, सोल्युशन लावून थोडं वाळू देतात आणि वर ठिगळ बसवतात. इथे आपण एका गोष्टीवर लक्ष ठेवायचं. टायरच्या आत जपून चाचपून खिळा, काटा किंवा काचेचा तुकडा राहिला नाही ना, हे बघितलं गेलं पाहिजे. नाहीतर नवीन ठिगळ लावून दोन किलोमीटर जात नाही तोच पुन्हा पंक्चर! ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल किंवा आधीच चार-पाच ठिगळं असतील तर ट्यूब बदलावी. ट्यूब टायरपेक्षा खूप स्वस्त असते, तिथे काटकसर नको. नवीन टायर टाकताना ट्यूबही नवीन टाकलेली चांगली.

ट्यूबलेस असेल तर: आपल्याकडे बहुतेक ठिकाणी टायर न काढता बाहेरूनच छिद्रात चिकट दोरी घालतात. पाच-दहा मिनिटांत काम होतं. ही सोय चांगली आहे, पण ती तात्पुरती दुरुस्ती समजावी. कारण टायर रिमवरून काढल्याशिवाय आतलं नुकसान दिसतच नाही. पक्की दुरुस्ती म्हणजे टायर काढून आतून तपासणं आणि आतल्या बाजूने छत्रीच्या आकाराचं ठिगळ बसवणं. त्याचा दांडा छिद्र भरतो आणि छत्री आतल्या थराला चिकटून हवा अडवते. तालुक्याच्या ठिकाणी बऱ्याच टायरच्या दुकानांत हे काम होतं. लहान गावात दोरीवर काम भागवावं लागतं हे खरं आहे. मग निदान एवढं करावं: दुरुस्तीवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का ते बघावं, दुसऱ्या दिवशी सकाळी हवा पुन्हा तपासावी, वेग कमी ठेवावा आणि टायर आतून तपासून होईपर्यंत कुटुंबाला घेऊन महामार्गावर जाऊ नये. काही कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत दुरुस्तीनंतरचे पहिले २४ तास ताशी ८० किमीच्या वर जाऊ नये अशी सूचना असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते एकदा बघावं.

"ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकून देतो" असाही एक उपाय सुचवला जातो. त्याने हवा टिकते, पण ट्यूबलेसचा मुख्य फायदा, म्हणजे हवा हळू जाणं, तिथेच संपतो. आणि बाजूची भिंत फाटलेली असेल तर ट्यूब टाकल्याने भिंतीला ताकद येत नाही. तीच गोष्ट फाटलेल्या टायरच्या आत जुन्या टायरचा तुकडा ठेवण्याची. घरापर्यंत किंवा दुकानापर्यंत पोहोचायला ठीक आहे, रोजच्या वापराला नाही.

पुढच्या चाकाबाबत आणखी कडक राहावं. गाडी वळवण्याचं काम पुढचं चाक करतं आणि ब्रेक मारल्यावर भारही पुढे येतो. पुढचा टायर अचानक बसला तर हँडल सावरणं अवघड जातं. कारला चार चाकं असतात, आपल्याकडे दोनच आहेत. शंका असेल तर पुढच्या टायरबाबत बदलण्याच्या बाजूने निर्णय घ्यावा.

५) दुसरा प्रश्न: पैशाचा हिशोब

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो, दुरुस्त होईल" असं आलं, तरच इथे यायचं. आता हिशोब करू. हे आकडे उदाहरणासाठी आहेत. मुलांना आपल्या गावातले दर विचारून यायला सांगा.

समजा नवीन टायर १,८०० रुपयांना मिळतो आणि तो २४,००० किमी चालतो. म्हणजे एका किलोमीटरला साडेसात पैसे. पंक्चर काढायला १०० रुपये.

उदाहरण अ: टायर फक्त ३,००० किमी चालला आहे. नक्षीच्या मध्यभागी बारीक चूक घुसली आहे. अजून २१,००० किमी शिल्लक आहेत. त्यांची किंमत १,५७५ रुपये. शंभर रुपयांत एवढं वाचतंय. दुरुस्त करा.

उदाहरण ब: टायर २१,००० किमी चालला आहे. नक्षी अजून उंचवट्याच्या थोडी वर आहे. शिल्लक ३,००० किमी, किंमत २२५ रुपये. दुरुस्तीला १०० रुपये. दोन आठवड्यांत पावसाळा सुरू होणार आहे. इथे बदलणं शहाणपणाचं. आपल्याला वाटतं "अठराशे गेले", पण खरं तर गेले २२५ रुपये. उरलेल्या १,५७५ रुपयांचा टायर आपण वापरून संपवला आहे आणि नवीन टायर आज ना उद्या घ्यावाच लागणार होता. बदला.

उदाहरण क: टायर दोनच महिन्यांचा, २,००० किमी चाललेला. पण बाजूच्या भिंतीला पत्र्याने चीर पडली आहे. बदलला तर १,६५० रुपयांचं नुकसान. मन मानत नाही. मुलंही वर्गात म्हणतात, "नवाच आहे की, कसा टाकायचा?" इथेच पाठाचा खरा मुद्दा येतो. हा टायर पहिल्याच प्रश्नात नापास झाला आहे. त्याचा पैशाचा हिशोब मांडायचाच नाही. बदला.

नवा दिसतो म्हणून टायर सुरक्षित असतोच असं नाही आणि जुना आहे म्हणून लगेच फेकायचाही नाही. अ आणि क शेजारी शेजारी ठेवले की मुलांना हा फरक चटकन समजतो.

६) वर्गात घ्यायच्या कृती

साहित्य: जुना टायर (गावातल्या पंक्चरच्या दुकानातून मागितला तर मिळतो), सायकलची जुनी ट्यूब, पाण्याचं घमेलं, साबणाचं पाणी, सुतळी, मोजपट्टी, खडू.

कृती १ – टायर वाचूया. मुलांचे चार-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटाने टायरवरचे आकडे वहीत उतरवायचे. ८०/१००-१८ असेल तर ८० म्हणजे रुंदी मिमीमध्ये, १०० म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के, १८ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. पुढे ४७ पी असेल तर ४७ हा वजनाचा सांकेतिक अंक आहे, तो १७५ किलो दाखवतो आणि पी म्हणजे ताशी १५० किमी ही वेगमर्यादा. तयार झाल्याचा आठवडा आणि वर्षही शोधायला लावा.

कृती २ – परीघ मोजूया. सुतळीने परीघ मोजा, सूत्राने काढलेल्या उत्तराशी ताळा करा. मग शाळा ते घर किती फेऱ्या होतात ते प्रत्येकाने काढायचं. सायकलच्या चाकावरही करता येईल.

कृती ३ – बुडबुडे शोधूया. ट्यूबमध्ये हवा भरून पाण्यात बुडवा. बुडबुडे येतील तिथे खडूने खूण करा. हवा जागा व्यापते, हवेला दाब असतो, हे इथे प्रत्यक्ष दिसतं. सोल्युशन मात्र मुलांच्या हातात देऊ नका. त्याची वाफ हुंगणं घातक असतं आणि ते लगेच पेट घेतं.

कृती ४ – काकांची मुलाखत. गावातल्या पंक्चरवाल्या काकांना वर्गात बोलवा. मुलांनी प्रश्न आधी लिहून काढायचे. जास्त पंक्चर कुठल्या महिन्यात होतात? कशामुळे होतात? कुठलं पंक्चर काढायला तुम्ही नाही म्हणता? गिऱ्हाईक ऐकलं नाही तर काय करता? आपल्या वर्गात पंक्चर काढणाऱ्यांची मुलंही असतात. आपल्या वडिलांना सगळा वर्ग "काका" म्हणून प्रश्न विचारतोय आणि त्यांचं उत्तर वहीत लिहून घेतोय, हे त्या मुलासाठी फार मोठं असतं. हाताच्या कामामागे ज्ञान आहे, हे सांगण्यापेक्षा असं दिसू द्यावं.

कृती ५ – निर्णय घ्या, कारण सांगा. खालील प्रसंग चिठ्ठ्यांवर लिहा. प्रत्येक गटाने एक चिठ्ठी उचलून "दुरुस्त", "बदला" किंवा "तात्पुरतं काढून मग तपासा" यापैकी निर्णय द्यायचा. अट एकच, वाक्यात "कारण" हा शब्द आलाच पाहिजे.

१. नक्षीच्या मध्यभागी बाभळीचा काटा, टायर एक वर्षाचा, नक्षी चांगली.
२. बाजूच्या भिंतीवर फुगवटा आलाय, हवा जात नाही.
३. ट्यूबलेस टायर, खिळा नक्षीत, रात्रीची वेळ, गाव ८ किमी.
४. टायर गुळगुळीत, पंक्चर अगदी बारीक.
५. नक्षीत पेन्सिल जाईल एवढं भोक.
६. पंक्चर झाल्यावर गाडी तशीच ३ किमी चालवली.
७. टायरला काही झालं नाही, ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटली.

दुसरा प्रसंग मुद्दाम ठेवला आहे. हवा जात नाही म्हणून बरेच गट "काही करायची गरज नाही" म्हणतात. मग धाग्यांची आठवण करून द्या. फुगवटा म्हणजे आतले धागे तुटलेत, टायर कधीही फुटू शकतो. सातव्यात टायर नव्हे, फक्त ट्यूब बदलायची. सहाव्यात टायर उघडून आतून बघितल्याशिवाय निर्णय देता येत नाही. "अजून माहिती हवी" हेही बरोबर उत्तर असू शकतं, हे मुलांना इथे कळतं. परीक्षेत असं उत्तर लिहायची सवय नसते, म्हणून ते वर्गात मुद्दाम घ्यावं.

मूल्यमापन: निर्णय बरोबर आहे का एवढंच बघू नका. मुलाने आधी सुरक्षिततेचं कारण दिलं की पैशाचं, ते बघा. क्रम बरोबर असेल तर पाठ पोहोचला.

७) पालकांसाठी दोन शब्द

या पाठानंतर तुमचं मूल घरी येऊन गाडीपाशी बसेल, टायरवरचे आकडे वाचेल आणि म्हणेल, "पप्पा, टायर गुळगुळीत झालाय, बदला." कृपया रागावू नका. आणि शिक्षकांनाही विनंती, वर्गात "कोणाच्या घरच्या गाडीचा टायर खराब आहे?" असा प्रश्न विचारू नका. टायर खराब आहे हे माहीत असूनही महिनाअखेरीला एकदम अठराशे रुपये काढणं अनेक घरांना जमत नाही. तो निष्काळजीपणा नसतो, अडचण असते.

यावर उपाय पाठातच आहे. वरच्या उदाहरणात किलोमीटरला साडेसात पैसे आले. रोज २४ किमी आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर ६०० किमी होतात. म्हणजे एका टायरची महिन्याची झीज ४५ रुपये. दोन्ही टायरची सारख्याच दराने धरली तरी ९०. हे पैसे दर महिन्याला डब्यात बाजूला पडले तर टायर बदलायची वेळ येईल तेव्हा पैसे तयार असतील आणि "पुढच्या महिन्यात बघू" असं म्हणावं लागणार नाही. हा डबा मुलाच्या ताब्यात द्या. हिशोबही तेच ठेवेल.

शेवटी, गाडी चालू असताना पंक्चर झालं तर काय करायचं हेही लक्षात ठेवूया. हँडल दोन्ही हातांनी सरळ आणि घट्ट धरा. जोरात ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडीचा वेग आपोआप कमी होऊ द्या, लागलाच तर चांगल्या चाकाचा ब्रेक हळू दाबा. रस्त्याच्या कडेला थांबून आधी मुलांना रस्त्यापासून दूर उभं करा, मग टायर बघा.

थोडक्यात:
- आधी जागा, माप, झीज, वय. मग पैसे.
- नक्षीत, ६ मिमीपर्यंत, टायर चांगला – दुरुस्त करा.
- खांदा, बाजूची भिंत, फुगवटा, मोठी चीर, गुळगुळीत टायर – बदला.
- बाहेरून घातलेली दोरी तात्पुरती. टायर आतून तपासून घ्या.
- हवा नसताना गाडी चालवू नका.

हा पाठ दोन तासिकांत होतो, मुलाखत धरली तर तीन. आपल्या वर्गात जरूर घेऊन पाहा. सात चिठ्ठ्यांमध्ये आपल्या गावातले आणखी प्रसंग घाला. ऊसतोडीच्या हंगामातले, घाटातले, पावसाळ्यातले. मुलं जी कारणं सांगतील ती लिहून ठेवा, पुढच्या वर्षी त्यातूनच नवीन चिठ्ठ्या तयार होतील.